चार दशांश

बँकेच्या नोकरीत वेगाशी माझा संबंध दिवसातून दोनदाच येतो. सकाळी अंगठ्याच्या यंत्रापर्यंत वेळेत पोचताना आणि संध्याकाळी घरी निघताना. मधल्या सात-आठ तासांत मी घाईने काही केल्याचं आमच्या शाखेत कुणी पाहिलेलं नाही. खातेदारांचं तर या बाबतीत ठाम मत आहे, आणि ते ते मोठ्याने सांगतात.

तरीही माझ्या आयुष्यात एक शर्यत आहे. तिच्यात मी पळालो नव्हतो, हाकलंही नव्हतं. फक्त अंगठा दाबला होता. पण त्या अंगठ्याचं व्याज मी बत्तीस वर्षं भरत होतो.

विषय निघाला तो आमच्या शाखेत नव्याने आलेल्या एका तरुण अधिकाऱ्यामुळे. मुलगा पुण्याचा. जेवणाच्या सुट्टीत डबा डाव्या हाताने खातो, कारण उजव्या हातात मोबाईल असतो आणि मोबाईलवर मोटारी पळत असतात. एकदा त्याने मला अमेरिकेतल्या एका शर्यतीची माहिती दिली. तिकडे म्हणे दारूबंदीच्या काळात चोरून दारू पोचवणारे लोक साध्या घरगुती मोटारींची इंजिनं सुधारून पोलिसांना हुलकावणी द्यायचे. पुढे तेच लोक रविवारी एकमेकांशी पळू लागले आणि त्यातून मोठी शर्यत उभी राहिली. मुद्दा असा, की मोटार खास शर्यतीची नाही. आठवडाभर कामाची आणि रविवारी शर्यतीची.

"आमच्याकडे होता असा एक," मी म्हणालो.

"कोण? गाडी कोणती?"

"माझे मामा. गाडी छकडा."

"इंजिन?"

"तांब्या आणि हिरा."

त्याने मोबाईल खाली ठेवला. आमच्या शाखेच्या इतिहासात हा क्षण महत्त्वाचा मानला जातो.

माझे वडील एस.टी.त. त्यांच्या बदल्यांमुळे माझ्या शिक्षणाची एस.टी. होऊ नये म्हणून मला आजोळी ठेवलं होतं. आजोळ कंधार तालुक्यात, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेजवळ. इतकं जवळ, की चुकार म्हैस सकाळी एका जिल्ह्यात चरून संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यात सापडायची. तिकडे आमच्या भागात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. विदर्भातही तोच शब्द. पुण्याकडे गेलात तर बैलगाडा आणि घाट. तिथल्या लोकांना वाटतं बैल फक्त त्यांच्याकडेच पळतात. पण तसं त्यांना बऱ्याच बाबतींत वाटतं. आमचा पट सपाट काळ्या रानात. हलका छकडा, त्याला जोडी, आणि छकड्यावर एकच माणूस. तो बसलेला असतो की उभा की हवेत, हे नीट सांगता येत नाही. एकेक जोडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ज्याचे सेकंद कमी तो जिंकला. व्याजाचं आणि पटाचं गणित एकच, दशांश चिन्हानंतरच खरी भानगड असते.

मामा हे आमच्या पंचक्रोशीतलं मोठं नाव. वर्षभर साधा कोरडवाहू शेतकरी. पेरणी, कोळपणी, उधारी, सगळं इतरांसारखं. पण येळवस झाली, रानात आंबील-भज्जी खाऊन गाव तृप्त झालं आणि माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली, की मामांच्या अंगात काहीतरी संचारायचं. मामी म्हणायच्या, "आता दोन महिने ह्यांना माणसं दिसायची न्हाईत." आणि खरंच, त्या दिवसांत मामा घरात आले तर आधी गोठ्याकडे बघून हसायचे, मग मामींकडे बघून गंभीर व्हायचे.

मामांचा हट्ट एकच. पळवायची ती लाल कंधारीच. वाचकांपैकी जे बैलांच्या बाबतीत कच्चे असतील त्यांच्यासाठी सांगतो. लाल कंधारी ही आमच्या कंधारची जात. तांबडी, मध्यम चणीची, कामाला चिवट, खायला बेताची. म्हणजे अगदी लिपिकवर्गीय. लातूरकडे देवणी. ती अंगाने भारी, पांढऱ्यावर काळे ठिपके, गाय दूधही बरं देते, ही अधिकारीवर्गीय. आणि पळण्यात सगळ्यांत पुढे म्हणजे माणदेशाकडची खिल्लार. पांढरी, शेलाटी, लांब शिंगांची. शर्यतीत नाव काढायचं तर कुणीही शहाणा माणूस खिल्लार आणतो. मामांना हे कुणी सांगितलं की ते म्हणत, "खिल्लार पळणारच की! त्यात काय मर्दुमकी? कंधारी पळवून दाखवा."

तांब्या घरच्या गाईचा. हिरा उदगीर तालुक्यातल्या हाळीच्या बाजारातून आणलेला. त्या खरेदीला मी बरोबर होतो. रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून सौदा चालला होता आणि वर दोघांचे चेहरे कोरे. पासवर्ड कुणाला सांगू नये हे तत्त्व आमच्या बँकेने हल्ली भिंतीवर लावलंय, हाळीच्या बाजारात ते फार पूर्वीपासून पाळतात. पैसे कर्जाचे होते. अर्जात 'बैलजोडीचा उपयोग' या रकान्यात 'शेतीसाठी' असं लिहून त्याखाली मामांनी अंगठा उठवला. ते खोटंही नव्हतं. पट वर्षातून चार-पाच दिवस, बाकी नांगरच. मामांना लिहिता येत नसे, पण बैलाच्या कानावर ठोकलेल्या विम्याच्या बिल्ल्याचा आकडा मात्र तोंडपाठ.

आता गुरुजी.

गुरुजी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत आणि घरची शेतीही बघत. त्यांच्याकडे अस्सल खिल्लार जोडी होती, वजीर आणि पाखऱ्या. स्वच्छ धोतर, टोपी आणि मागे ती पांढरी जोडी. गुरुजी छकड्यावर बसून निघाले की खडूच्या पेटीला चाकं लावल्यासारखं दिसे. ते आणि मामा एकमेकांचे वैरी होते असं गाव समजायचं. वैर असं, की पोळ्याला गुरुजी मामांच्या बैलांना बाशिंगं आणून द्यायचे आणि मामा गुरुजींच्या बैलांची शिंगं साळून द्यायचे.

१९९२ चा जानेवारी. मी सातवीत. आमच्याच गावचा पट. पटात सगळ्यांत मोठी अडचण घड्याळाची. पंचांची मनगटी घड्याळं होती, पण एकाचं मागे, एकाचं पुढे आणि एकाचं बायकोने फिरतीवर असताना घेतलेलं म्हणून फक्त शोभेचं. खरं थांबतं घड्याळ गावात एकच, शाळेच्या खेळाच्या कपाटातलं. ते गुरुजींच्या ताब्यात. पण गुरुजींची स्वतःची जोडी पटात, तेव्हा घड्याळ त्यांनी धरणं बरं दिसेना. पंच म्हणाले, "मग कोण?"

गुरुजींनी गर्दीत नजर फिरवली आणि माझ्यावर बोट ठेवलं. "हा धरील."

"अहो गुरुजी, तो त्यांचा भाचा हाय," कुणीतरी म्हणालं.

"असू दे," गुरुजी म्हणाले. "आधी माझा विद्यार्थी आहे. गणितात पैकीच्या पैकी घेतो. त्याचा हात खोटा पडणार नाही."

अठरा जोड्या आल्या होत्या. मी शेवटच्या रेषेशी उलट्या टोपलीवर बसलो. पलीकडे झेंडी पडली की दाबायचं, जू रेषेवर आलं की दाबायचं. सोळा जोड्यांपर्यंत मी यंत्रासारखं काम केलं. सतराव्या खेपेला गुरुजींची जोडी. झेंडी पडली, दाबलं. पांढरी वावटळ अंगावरून गेली, दाबलं. ११.६. तोवरची सगळ्यांत कमी वेळ. हलगी कडाडली. गुरुजी छकड्यावरून उतरून माझ्या मागे येऊन उभे राहिले. धापा टाकत होते, पण टोपी जागेवर.

शेवटी मामा. लांबून दोन तांबडे ठिपके आणि वर एक पांढरा ठिपका. मामा चाबूक वापरत नसत. जोडी सुटायच्या आधी ते एक हाळी द्यायचे, "हाऽऽ रं माझ्या तांब्याऽऽ!" ती मला ऐकू आली, आणि मी टोपलीवरून उभा राहिलो. का, ते विचारू नका. तुमचा मामा कधी छकड्यावर उभा असता तर तुम्हीही राहिला असता. झेंडी पडलेली मी पाहिली. स्वच्छ पाहिली. पण अंगठ्याला ते कळवायचं राहून गेलं. मग एकदम भान आलं आणि दाबलं.

११.२.

मामा जिंकले. कंधारी जोडीने खिल्लारला हरवलं! गुलालाने तांब्या आणि हिरा होते त्याहून लाल झाले. बक्षीस म्हणून तांब्याची मोठी घागर मिळाली. मामांनी पहिल्यांदा तांब्याला त्या घागरीतून पाणी पाजलं आणि तांब्याने तांब्याचं भांडं चाटून पुसून लख्ख केलं. गुरुजींनी मामांच्या गळ्यात हार घातला. मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, "दमलास ना? घरी जा."

त्या रात्री मी पांघरुणात शिरून हिशेब केला. उशीर अर्धा सेकंद झाला असावा. म्हणजे मामांची खरी वेळ ११.७. म्हणजे गुरुजी एका दशांशाने जिंकले होते. गणितात पैकीच्या पैकी घेण्याचे असे तोटे असतात. कच्च्या पोराला शांत झोप लागली असती.

सांगायला हवं होतं, पण कुणाला? घागर ओसरीवर मांडलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मामी तिच्यातलं पाणी देत होत्या. मामांना तर गावोगावची बोलावणी येऊ लागली. मी गप्प बसलो. पुढच्या वर्षी गुरुजींनी घड्याळ स्वतः धरलं आणि त्यासाठी आपली जोडी पटात उतरवलीच नाही. त्यानंतरही कधी उतरवली नाही. "मास्तराला हे छंद परवडत नाहीत," एवढंच म्हणाले. वजीर-पाखऱ्या पुढे शेतातच राबले. मला तेव्हा फक्त इतकंच वाटलं, की बरं झालं, पुन्हा माझ्या हातात घड्याळ आलं नाही.

मग १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव बचावलं, पण त्या वर्षी पटाचं नावही कुणी काढलं नाही. पुढे मी नांदेडला बी. कॉम. केलं, बँकेत लागलो, आधी लातूरला होतो आणि २०१३ मध्ये नांदेडच्या शाखेत आलो. पहिल्याच नोव्हेंबरात काउंटरपलीकडे ती टोपी उभी!

गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे नांदेडला राहत होते आणि त्यांचं पेन्शन आमच्याच शाखेत. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं बँकेला पटवून द्यायचा महिना. गुरुजींनी यादीत सही केली, मला नीट न्याहाळलं आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हयात आहे मी. अकरा पूर्णांक सहा." मग सगळ्या स्टाफला, "यांच्या मामांनी मला चार दशांशाने हरवलंय बरं का! कंधारी जोडीने!" सांगताना चेहऱ्यावर अभिमान. जिंकलेला माणूस इतका खूश नसतो. मी मान खाली घालून त्यांच्या पासबुकात नोंद केली. ती चुकली. दुसऱ्यांदा केली.

पुढे दर नोव्हेंबरात हेच. मी कबुली द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात ठरवलंच होतं, पण त्या महिन्यात नोटा बंद झाल्या. तेव्हा आमच्या काउंटरवर कुणी पापाची कबुली द्यायला आला असता तरी आम्ही त्याच्याकडे ओळखपत्राची झेरॉक्स मागितली असती. एकदा गर्दी कमी पाहून मी म्हणालो, "गुरुजी, बरेच दिवस एक सांगायचं होतं…" ते म्हणाले, "सर्व्हर बंद आहे, हेच ना? बसतो मी." आणि तो खरोखरच बंद होता. २०२० मध्ये मध्ये काच आणि दोघांच्याही तोंडाला मास्क. काचेतून कबुली ओरडून द्यावी लागते आणि ओरडून दिलेली कबुली भांडणासारखी ऐकू येते.

दरम्यान पटच बंद पडला होता. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ ला बैलाचं नाव वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत घातलं. म्हणजे ज्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत अशांच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनच्या मोटारी पळाल्या. देशाने बैल खाली उतरवून एकदम पुढचा गिअर टाकला, असं वर्तमानपत्रं वाचून वाटायचं. पण त्या मोटारीही तीनच वर्षं आल्या. २०१३ नंतर तो रस्ताही मोकळा. आमच्या तरुण अधिकाऱ्याला याचं फार दुःख आहे. तेव्हा मी त्याला चहा पाजला.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या शनिवारी मी गावी गेलो आणि वर्तमानपत्रातली बातमी मामांना वाचून दाखवली. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, मारणं, सगळं निकालात होतं. ते खोटं नव्हतं. मामा चाबूक वापरत नसत हे खरं, पण पटाच्या गर्दीत मी आरी लावलेल्या काठ्याही पाहिल्या होत्या आणि शेपटी चावणारे बहाद्दरही. मामांनी सगळं ऐकलं.

"बैलांना इचारलं का त्यांनी?"

"नाही."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. "आपण तरी कवा इचारलं होतं?"

आणि उठून गोठ्यात गेले. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. त्या उन्हाळ्यात त्यांनी शेवटची जोडी हाळीच्या बाजारात नेली. रुमालाखाली कितीचा सौदा झाला ते त्यांनी मामींनाही सांगितलं नाही. गोठ्यात मग भाड्याचा ट्रॅक्टर थांबू लागला. घागर मात्र ओसरीवरच होती.

राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तो अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला कायदा कायम झाला. आता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, बैलांचा डॉक्टरी दाखला, काठी-चाबूक बंद आणि नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे कर्जप्रकरणासारखी फाईल झाल्याशिवाय बैल पळत नाही. हे मला मनापासून पटलं. एकतर त्यामुळे बैल सुखी, आणि दुसरं, फाईल असली की मला घरच्यासारखं वाटतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात गुरुजी नेहमीप्रमाणे हयात आहे म्हणून सांगून गेले आणि जाता जाता म्हणाले, "येळवशीनंतर अहमदपूरकडे पट आहे म्हणे. मामांना घेऊन येतोस का?"

जानेवारीत मी माझी छोटी मोटार काढली. नांदेडहून गुरुजींना घेतलं, वाटेत मामांना. एक बहात्तर वर्षांचे, एक सत्तरीचे. मागे दोघांनी जुन्या बैलांची नावं काढली आणि लोह्यापासून पुढे गाडीत मला वगळून सतरा-अठरा बैल बसले होते. माझ्या गाडीला मागच्या ट्रॅक्टरने ओलांडलं तेव्हा मामा फक्त "हं" म्हणाले. पण त्या 'हं'मध्ये माझ्या बी. कॉम.सकट सगळं आलं.

पटावर मांडव, भोंगे, गाड्यांची रांग. आम्ही शेवटच्या रेषेजवळ बसलो. मी घड्याळ धरणारा पोरगा शोधू लागलो. पोरगा नव्हता. सुटायच्या जागी एक दोरा ताणलेला, शेवटी एक. जोडी दोरा तोडते आणि वरच्या फळीवर लाल आकडे आपोआप पळू लागतात.

मामांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी मला विचारलं, "घड्याळ कोण धरायलंय?"

"कुणीच नाही मामा. यंत्र आहे."

पलीकडून गुरुजी शेंगा सोलत शांतपणे म्हणाले, "बरं झालं. यंत्राला मामा नसतो."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"काय म्हणायलेत गुरुजी?" मामांनी विचारलं.

"घड्याळ चांगलं आहे म्हणतायत," मी म्हणालो. मग गुरुजींकडे वळून हळूच, "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तुझ्या मागेच उभा होतो. तू उठलास तेव्हाच कळलं. बसलेल्या पोराचा अंगठा वेळेवर पडतो."

"मग बोलला का नाहीत?"

"घड्याळ शाळेचं, पोरगं शाळेचं, निवड माझी. तक्रार कुणाची करायची?"

बत्तीस वर्षांचं ओझं काउंटरवर ठेवावं तसं मी सगळं सांगून टाकलं. अर्धा सेकंद, ११.७, एक दशांश, सगळं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"चूक. अर्धा नव्हता. झेंडी दिसल्यावर अंगठ्याला दोन दशांश लागतातच, पण ते अठराही जोड्यांना सारखे, सोडून दे. वर तुझा उशीर तीन दशांश. म्हणजे तुझे मामा ११.५. माझ्यापेक्षा एक दशांश पुढेच. जिंकलेच होते ते."

"तीन दशांश कशावरून?"

"गणित माझा विषय आहे," गुरुजी म्हणाले आणि एक सोललेला दाणा माझ्या हातावर ठेवला.

मी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. पेन्शनरांच्या सह्या पडताळण्यात माझी नोकरी गेली. खरी कुठली, खोटी कुठली, एका नजरेत सांगतो. पण त्या चेहऱ्यावरून मला काही ठरवता येईना.

"कशाचा हिशेब चाललाय?" मामा ओरडले.

"तुमचाच!" गुरुजी त्यांच्या कानाशी ओरडले. "चार दशांश!"

मामा खूश झाले. एवढ्यात भोंग्यावर पुकारा झाला, पुढची जोडी कंधारची, लाल कंधारी. पलीकडे दोन तांबडे ठिपके दिसले. दोरा तुटला, फळीवर आकडे पळू लागले, आणि मागच्या रांगेतून आम्हा तिघांना शिव्या पडायला लागल्या, "अहो बसा की खाली! आम्हाला दिसंना!"

कोण आधी उठलं होतं ते कळलं नाही.